घरी केलेले शक्तिवर्धक पाक : शेवगा, मनुका, गूळ आणि उडालेले झाकण

बाळीवेसकर | ४ मे, सकाळी १०.२०

नमस्कार. फेब्रुवारीत माझ्या मुलीच्या महाविद्यालयात रक्ततपासणीचे शिबिर झाले आणि तिचे हिमोग्लोबिन ९.६ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या ती नियमित घेत आहे आणि त्या बंद करण्याचा विचार घरात कोणाच्याही मनात नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच खर्ची पडतील. गोळ्यांमुळे सुरुवातीला तिला मळमळत असे आणि तोंडाची चवही गेली होती, म्हणून जोडीला काहीतरी पौष्टिक, चमच्याने घेता येण्याजोगे आणि टिकणारे घरीच करावे असे ठरले.

कृती सासूबाईंच्या आठवणीतली आहे. अंगणातल्या शेवग्याचा सावलीत वाळवलेला पाला दोन मुठी, काळ्या मनुका पाव किलो, आवळकाठी (वाळवलेला आवळा) शंभर ग्रॅम, सुंठेचा एक तुकडा आणि दोन लिटर पाणी. हे सारे रात्रभर भिजवून सकाळी लोखंडी कढईत मंद आचेवर निम्मे होईपर्यंत आटवले, गाळले आणि जेवढ्या वजनाचा काढा भरला तेवढ्याच वजनाचा गूळ घालून एक उकळी आणली. तीन बाटल्या भरल्या. चव चांगली होती, मुलगी कुरकूर न करता घेत होती. नवव्या दिवशी भर दुपारी स्वयंपाकघरातून फटाक्यासारखा आवाज आला. जाऊन पाहते तर एका बाटलीचे झाकण उडालेले आणि पाक थेट छतापर्यंत गेलेला. भिंतीवरचे डाग अजून निघालेले नाहीत. उरलेल्या दोन बाटल्यांना ताडीसारखा वास येत होता, त्या मोरीत ओतल्या.

माझे प्रश्न तीन आहेत. पाक आंबला कशामुळे? दुसरे, कढईत उकळताना काढा शाईसारखा काळाभोर झाला होता. सासूबाई म्हणतात की कढईतले लोह उतरले, ही चांगलीच गोष्ट आहे. माझ्या मनाला ते पटत नाही, परंतु का पटत नाही हे मला सांगता येत नाही. आणि तिसरे, एवढा खटाटोप करून मुलीच्या रक्तात खरोखर काही भर पडते का?


अक्कलकोटची_सून | ४ मे, सकाळी ११.०५

ताई, आमच्याकडे असे पाक सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाली की करतात आणि होळीपर्यंत संपवतात. उन्हाळ्यात केलेला मी तरी कधी पाहिला नाही. सोलापूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेले काय टिकणार? फ्रिजमध्ये ठेवायला हवा होता.


निवृत्त_औषधनिर्माता | ४ मे, दुपारी १२.४०

फ्रिजमध्ये ठेवणे हा उपाय आहे, परंतु आंबण्याचे कारण उन्हाळा नव्हे. कारण तुमच्या प्रमाणात आहे. मी तीस वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले आणि प्रत्येक वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांकडून साधा साखरेचा पाक करवून घेतला, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. उत्तर थोडे लांबेल.

पाक टिकतो तो उकळल्यामुळे नव्हे, तर साखरेमुळे टिकतो. साखर पाण्याला इतकी बांधून ठेवते की जंतूंना आणि किण्वाला, म्हणजे यीस्टला, वापरण्याजोगे पाणीच शिल्लक राहत नाही. मात्र त्यासाठी साखर पुरेशी असावी लागते. इंडियन फार्माकोपियातील साध्या पाकात वजनाने ६६.७ टक्के साखर असते, आणि बाजारात फळाचे सिरप म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थातही विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत असा आपल्याकडचा नियम आहे. तुम्ही काढा आणि गूळ समभाग घेतले. गुळात स्वतःचा ओलावा असतो आणि तो निव्वळ साखरही नसतो. मनुकांची साखर धरली तरी तुमचा पाक पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला असणार. पन्नास टक्क्यांचा पाक म्हणजे किण्वाला ताटच वाढून ठेवल्यासारखे आहे. त्यातून तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडने झाकण उडवले. बाटली फुटली नाही हे तुमचे नशीब समजा. काचेचे तुकडे डोळ्यात गेलेली उदाहरणे मी ऐकली आहेत.

आता प्रमाण सांगतो. गाळलेला काढा एक लिटर असेल तर त्याला सुमारे एक किलो आठशे ग्रॅम साखर लागते. हा आकडा ऐकून गृहिणी दचकतात आणि हात आखडता घेतात, आणि नेमके तिथेच बिघडते. एवढी साखर घालायची नसेल तर खुशाल निम्मी घाला, परंतु मग त्याला पाक म्हणू नका, सरबत म्हणा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडा-दहा दिवसांत संपवा. दोन्ही मार्ग योग्य आहेत. मधला मार्ग तेवढा चुकीचा आहे.

उलट टोकही सांभाळावे लागते. ६७ टक्क्यांच्या वर गेलात तर थंड झाल्यावर तळाशी खडे धरतात, आणि खडे धरले की वरचा पाक पुन्हा पातळ होतो. म्हणून शेवटी थोडा लिंबाचा रस पिळावा. आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि मग ती सहजासहजी खडे धरत नाही. आपल्या आज्या हे शिकल्याविना करत होत्या.


बाळीवेसकर | ४ मे, दुपारी १.३०

सर, मनःपूर्वक आभार. परंतु ६५ टक्के झाले हे घरी ओळखायचे कसे? एकतारी पाक हीच खूण धरू का?


निवृत्त_औषधनिर्माता | ४ मे, दुपारी २.१५

एकतारी म्हणजे बहुधा ७० च्या पुढे गेलेला असतो. लाडवांसाठी तो ठीक, बाटलीसाठी नको. बोटांना चिकट लागतो, परंतु तार तुटते, तिथे आच बंद करावी. मात्र बोटांवर माझा विश्वास नाही, तराजूवर आहे. एका स्वच्छ बाटलीत तराजूवर मोजून ५०० ग्रॅम पाणी घाला आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. ही झाली अर्ध्या लिटरची खूण. बाटली कोरडी करून त्याच खुणेपर्यंत निवलेला पाक भरा आणि वजन करा. बाटलीचे वजन वजा जाता ६५० ते ६६० ग्रॅम भरले तर पाक ६५ टक्क्यांच्या जवळ आहे. ६१५ भरले तर तो पन्नास टक्क्यांचा आहे आणि छताकडे जाण्याच्या तयारीत आहे. तापमापक असेल तर आणखी सोपे: आधी नुसते पाणी उकळून तापमान पाहा आणि पाक त्याहून चार अंश वर गेला की उतरवा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर असल्यामुळे आपल्याकडे पाणी शंभरच्या थोडे आधीच उकळते. पुस्तकातला १०४ चा आकडा गाठत बसलात तर पाक पुढे जाईल.

बाटल्या दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उकळून कोरड्या कराव्यात आणि पाक गरम असतानाच काठोकाठ भरावा. अर्धवट निवलेला पाक भरून झाकण लावले की आतल्या वाफेचे पाणी होऊन ते वरच्या थरावर ठिबकते, तेवढाच थर पातळ होतो आणि बुरशी तिथेच धरते. ‘खाली चांगला आहे, वरचे काढून टाकले’ असे म्हणून तो वापरू नये.


सांगोल्याची_बाग | ४ मे, रात्री ९.१०

दिवसभर बागेत होतो, आता धागा वाचला. ताई, तुम्ही सोलापुरात राहून मनुका उकळता आणि डाळिंब विसरता? आमच्या सोलापुरी डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे. रक्तवाढीसाठी डाळिंबाच्या पाकासारखे दुसरे काही नाही असे आमच्याकडचे जुने लोक सांगतात.

मी दरवर्षी मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या पिकाच्या काढणीत तडकलेली फळे वेगळी ठेवतो. बाजार समितीत त्यांना भाव मिळत नाही, परंतु दाणे उत्तम असतात. फक्त तडकेतून काळे पडलेले फळ अजिबात घेऊ नये. भगवा वाणाचे दाणे सोलून, पांढरा पापुद्रा पूर्ण काढून, कापडात बांधून हाताने पिळावेत. मिक्सरला लावायचेच असेल तर एकदाच झटका द्यावा, कारण बी भरडले की रस तुरट होतो आणि पाक केल्यावर तो तुरटपणा दुपटीने जाणवतो. बागाइतदार असल्याने माझ्याकडे फळाची गोडी पाहायचा ब्रिक्स मीटर आहे; काचेवर एक थेंब टाकला की आकडा दिसतो. माझा रस साधारण १६ भरतो, म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे १६ ग्रॅम साखर, म्हणून एक लिटर रसाला दीड किलो साखर पुरते. सरांनी सांगितलेल्या काढ्यापेक्षा कमी लागते, कारण रसात मुळातच साखर आहे. रस फार उकळत नाही, नाहीतर लाल रंग तपकिरी पडतो. साखर विरघळून एक उकळी आली की पुरे. गेल्या हंगामातली एक बाटली अजून फ्रिजमध्ये आहे.


आहारातले_चार_शब्द | ५ मे, सकाळी ८.३०

मी आहारतज्ज्ञ आहे आणि मूळ धाग्यातला तिसरा प्रश्न अजून अनुत्तरित आहे, म्हणून लिहिते. काही आकडे कटू वाटतील, त्याबद्दल सांगोल्याच्या दादांची आधीच क्षमा मागते.

डाळिंबात लोह अत्यल्प असते. शंभर ग्रॅम दाण्यांत ते साधारण ०.३ मिलिग्रॅम भरते. दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आहे. त्याचा रक्ताशी काहीही संबंध नाही. बिटाचीही गोष्ट तीच. लाल ते रक्त वाढवणारे हा समज आपल्याकडे इतका घट्ट रुजलेला आहे की गर्भवती स्त्रिया रोज डाळिंबाचा रस पितात आणि ताटातली मेथी बाजूला सारतात.

आता तुमच्या पाकाचा हिशेब मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम गुळात सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह असते. सरांच्या प्रमाणाने केलेल्या पाकाचा पंधरा मिलिलिटरचा एक मोठा चमचा म्हणजे वीस ग्रॅम, आणि त्यात साधारण तेरा-चौदा ग्रॅम गूळ. म्हणजे लोह जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची दिवसाची शिफारस २०२० च्या मानकांनुसार २९ मिलिग्रॅम आहे. गोळीशी तुलना करायची, तर सरकारी योजनेतील एका गोळीत ६० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह असते. एका गोळीची बरोबरी करायला असे शंभर चमचे, म्हणजे दीड लिटर पाक लागेल.

पाल्याचे आणि मनुकांचे लोह धरले तरी चित्र फारसे पालटत नाही, कारण पाल्याचा बराचसा कस गाळणीत उरलेल्या चोथ्यात राहतो आणि तो चोथा आपण फेकून देतो. शेवग्याच्या ताज्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व तिन्ही चांगल्या प्रमाणात आहेत. तोच पाला पिठल्यात, थालीपिठात किंवा डाळीत घालून खाल्ला तर सगळाच्या सगळा पोटात जातो. अळिवात लोह त्याहून पुष्कळ जास्त, शंभर ग्रॅमला सुमारे १७ मिलिग्रॅम आहे. त्याची खीर करावी. अळिवाचा पाक करण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये, तो बाटलीतून बाहेरच येत नाही. हे स्वानुभवाने सांगते.

मग पाकाचा उपयोग काय? उपयोग आहे, परंतु तो लोहाचा साठा म्हणून नाही. गोळीने चव गेलेल्या मुलीला जेवणावर वासना येणे ही लहान गोष्ट नव्हे. सुंठ, आवळा, मनुका यांनी पोट साफ राहायला आणि मळमळ कमी व्हायला मदत होते, आणि गोळी सुटत नाही. पाकाने एवढे केले तरी पुष्कळ झाले. त्याच्याकडून रक्ताची अपेक्षा करू नये.


साखरपेठकर | ५ मे, सकाळी ११.४५

काळ्या रंगाचा प्रश्न राहिला, तो मी घेतो. आमच्या घराण्यात तीन पिढ्या सूत रंगवण्याचे काम होते, त्यामुळे हा काळा रंग माझ्या ओळखीचा आहे.

हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळे होते, हे रंगाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवले जाते. हिरड्यात टॅनिन असते आणि हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. जुन्या पोथ्यांची शाई करतानाही हिरडा आणि हिराकस वापरत असत. तुमच्या कढईत हिरड्याची जागा आवळकाठीने घेतली. आवळ्याच्या आंबटपणाने कढईचे लोखंड विरघळले आणि त्याच आवळ्यातल्या टॅनिनने त्याला धरून काळे केले. ताई, तुम्ही ‘शाईसारखा’ असे लिहिले आहे, ते उपमा म्हणून लिहिले असेल. प्रत्यक्षात ती शाईच होती.

तेव्हा सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, लोह उतरले हे खरे. परंतु उतरलेले लोह टॅनिनने पकडून ठेवले असेल तर ते शरीराला कितपत मिळेल, हे वरच्या आहारतज्ज्ञ ताईंनी सांगावे.

जाता जाता एक भर. आमच्या तेलुगू घरांत अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि ती आठवड्यातून दोनदा तरी शिजते. लाल अंबाडीची बोंडे थंडीत मिळतात. त्यांच्या पाकळ्या काढून, धुऊन, पाण्यात एकदा उकळून गाळलेला अर्क पाकासाठी फार सुंदर लागतो. रंग डाळिंबालाही मागे टाकतो आणि आंबटपणा अंगचाच असल्याने लिंबू पिळावे लागत नाही. हा पाक स्टीलच्या भांड्यातच करावा. कल्हई उडालेले पितळेचे पातेले तर आंबट पदार्थाला कधीच नको.


आहारातले_चार_शब्द | ५ मे, दुपारी १२.३०

फार नेमके सांगितलेत. टॅनिनने बांधलेले लोह आतड्यात फारच कमी शोषले जाते. जेवणाला लागून चहा नको असे आम्ही सांगतो, त्याचे कारणही तेच आहे. लोखंडी कढई वाईट नाही, उलट चांगली आहे. तिच्यात शेवग्याची भाजी टोमॅटो घालून करा, पिठले करा, उतरवल्यावर वरून लिंबू पिळा. शिजल्यावर पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. आवळा, हिरडा, चिंचोके अशा तुरट वस्तू मात्र तिच्यात उकळू नका.

क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतले लोह अधिक शोषले जाते, परंतु उकळीने आणि साठवणीने ते घटत जाते, म्हणून पाकातल्या आवळ्यावर विसंबू नये. जेवताना ताटात लिंबाची फोड असावी, ती पुरते.


जुनी_गिरणी | ५ मे, सायंकाळी ६.००

माझे वय ७१, मधुमेह १८ वर्षांचा. माझ्या सुनेनेही ‘शक्तीसाठी’ म्हणून असाच गुळाचा पाक करून ठेवला आहे आणि गूळ असल्यामुळे तो चालतो असे तिला कोणी तरी सांगितले आहे. हा सगळा धागा वाचताना दीड किलो, अठराशे ग्रॅम असे आकडे पाहून मला घाम फुटला. जे टिकवण्यासाठी एवढी साखर लागते त्याला पौष्टिक म्हणावे का, असा माझा सरळ प्रश्न आहे.


निवृत्त_औषधनिर्माता | ५ मे, सायंकाळी ७.२०

आपला आक्षेप योग्य आहे आणि तो आणखी कोणी तरी आधीच घ्यायला हवा होता. एका मोठ्या चमच्यात तेरा ग्रॅम साखर येते, दोन चमच्यांत सव्वीस. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी जी अधिक चांगली मर्यादा सुचवली आहे, ती दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅमची आहे. म्हणजे दोन चमच्यांतच दिवसाचा कोटा संपला. गूळ, मध, काकवी, खडीसाखर यांपैकी कशानेही हा हिशेब बदलत नाही. मधुमेह असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. आपण त्याच वस्तूंचा बिनसाखरेचा काढा ताजा करून घ्यावा, तोही आपल्या डॉक्टरांना विचारून. सूनबाईंना माझा हा प्रतिसाद वाचायला द्यावा.

इतरांनी पाक छोट्या चमच्याने, पाच मिलिलिटरने घ्यावा. औषधाच्या बाटलीसोबत मिळणारे माप घरी पडलेले असतेच.


काष्ठौषधी | ६ मे, सकाळी ९.५०

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे. आपल्या शास्त्रात एकाच वनस्पतीतून सत्त्व काढण्याचे निरनिराळे प्रकार आहेत आणि घरी पाक करणारे सरसकट काढाच करतात, म्हणून हे लिहितो. साल, मूळ, काष्ठ यांसारख्या कठीण द्रव्यांचा क्वाथ करावा, म्हणजे ती पाण्यात पुष्कळ वेळ उकळून आटवावीत. पाने, फुले अशा कोमल द्रव्यांचा फांट करावा, म्हणजे उकळते पाणी त्यांवर ओतून, झाकून, निवल्यावर गाळावे. धणे, वाळा, मनुका अशा शीतल द्रव्यांचा हिम करावा, म्हणजे ती रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी कुस्करून गाळावीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाळा आणि मनुकांचा हिम करून त्याचा पाक केला तर तो उकळलेल्या काढ्यापेक्षा अधिक सुवासिक होतो. शेवग्याच्या पाल्याला इतका वेळ उकळण्याची काहीच गरज नव्हती. कडवटपणा तेवढा उतरतो.

सावधगिरीचे चार मुद्देही सांगायला हवेत. मध घालायचा असेल तर पाक पूर्ण निवल्यावर घालावा. आयुर्वेदाला तापवलेला मध मान्य नाही, आणि आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. ज्येष्ठमध गोड असते म्हणून अनेक जण ते सढळ हाताने घालतात, परंतु ते सतत घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते. गुळवेल घरच्या कुंपणावर असली तरी रोजच्या पाकात घालू नये. कोविडच्या काळात तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता, हेही खरे आहे. माझे स्वतःचे मत असे की, ज्या वनस्पतीवर तज्ज्ञांत वाद आहे ती वैद्याच्या देखरेखीशिवाय महिनोनमहिने घेण्याचे कारण नाही. गर्भवतींनी तर मनुका, आवळा, सुंठ या रोजच्या खाण्यातल्या वस्तूंच्या पलीकडे स्वतःहून काहीच घालू नये.


अक्कलकोटची_सून | ६ मे, सकाळी १०.३०

गुऱ्हाळातून आणलेली काकवी साखरेऐवजी वापरली तर चालेल का? आमच्या शेजारी घागरभर आली आहे.


निवृत्त_औषधनिर्माता | ६ मे, सकाळी ११.१५

चालेल. काकवी हा मुळात उसाच्या रसाचा पाकच आहे. परंतु तिचा दाटपणा प्रत्येक गुऱ्हाळाचा वेगळा असतो, म्हणून आधी ती उकळून वर येणारी मळी काढावी, गाळावी आणि मग काढ्यासोबत आटवून वर सांगितलेली वजनाची चाचणी करावी. गुळालाही हेच लागू आहे. बाळीवेसकर ताईंनी गूळ घालून एकच उकळी आणली, मळी काढली नाही, ही दुसरी चूक होती. गुळाच्या कचऱ्यासोबत किण्वही येते.


बाळीवेसकर | २७ मे, सायंकाळी ५.४०

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही सांगण्याजोगे झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

दुसरा घाणा १० मे रोजी केला. पाला पाकातून काढून टाकला आणि त्याची रवानगी पिठल्यात केली. काळ्या मनुका आणि वाळा रात्रभर भिजवून हिम केला, आवळकाठी आणि सुंठ स्टीलच्या पातेल्यात वेगळी उकळली, दोन्ही गाळून एकत्र केले. सव्वा लिटर भरले. गूळ वेगळ्या पातेल्यात थोड्या पाण्यात विरघळवून, उकळून, मळी काढून गाळला आणि मग मिसळला. सरांच्या प्रमाणाने गूळ तोलताना सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि ‘एवढ्यात गावजेवण होईल’ असे म्हणत होत्या. पहिल्यांदा वजन केले तर खुणेपर्यंत ६३८ ग्रॅम भरले. पुन्हा आचेवर ठेवला, निववून पुन्हा तोलला, तेव्हा ६५४ भरले. दोन थेंब सांडले म्हणून तिसऱ्यांदाही तोलला, यावरून घरात बरीच थट्टा झाली.

आज सतरावा दिवस आहे. एक बाटली मुद्दाम ओट्यावर, एक फ्रिजमध्ये ठेवली आहे. ओट्यावरच्या बाटलीला अद्याप वास नाही, बुडबुडे नाहीत, झाकण जागच्या जागी आहे. मुलगी दुपारच्या जेवणानंतर मापातला पाच मिलिलिटर पाक लिंबाच्या पाण्यात घेते आणि चहा आता पाच वाजता घेते. गोळीची मळमळ कमी झाली आहे. ती पाकामुळे कमी झाली की सवयीने, हे मला सांगता येणार नाही. रक्ताची तपासणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.

सासूबाईंना हा पाक पसंत नाही. तो मधासारखा तपकिरी झाला आहे आणि काळा नाही म्हणून कच्चा राहिला, असे त्यांचे मत आहे. साखरपेठकरांचा शाईचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला, तेव्हा ‘मग पोथी लिहून काढा’ असे म्हणाल्या. लोखंडी कढई मात्र त्यांनी स्वतः घासून पिठल्यासाठी पुढे काढली आहे.


निवृत्त_औषधनिर्माता | २७ मे, रात्री ८.०५

६५४ हा आकडा वाचून फार समाधान वाटले. ओट्यावरची बाटली रोज एकदा उजेडात धरून पाहत जा. बाटलीवर तारीख लिहिली आहे ना?


बाळीवेसकर | २७ मे, रात्री ८.३०

लिहिली आहे सर, आणि तारखेखाली वजनही लिहिले आहे.